शब्दांचं मूळ शोधताना या चुका टाळा

लग्नाच्या पंगतीत माझ्या शेजारी बसलेले एक मामा पोरांना सांगत होते, "अहिराणी म्हणजे अहि अधिक राणी. अहि म्हणजे नाग. नागांच्या राणीची भाषा!" पोरांनी लगेच मोबाइल काढून ते टिपून घेतलं. मामांचं बोलीवरचं प्रेम खरं होतं, व्युत्पत्ती मात्र चुकीची. मला हळहळ वाटली ती याची, की खरी गोष्ट त्या नागराणीपेक्षा कितीतरी भारी आहे.

अहिराणी ही खान्देशातल्या अहिरांची बोली, आणि 'अहीर' आला जुन्या 'आभीर' या नावावरून. नाशिकच्या पांडवलेण्यांत आभीर राजा ईश्वरसेनाचा तिसऱ्या शतकातला शिलालेख आहे. मधला 'भ' झिजून 'ह' होणं ही प्राकृताची नेहमीची चाल. गभीरचं गहिरं झालं, तसंच आभीरचं अहीर. आपल्या बोलीच्या नावाचं मूळ असं दगडात कोरलेलं असताना साप कशाला शोधायचा?

शब्द हवा तिथे तोडू नका

मामांनी केली ती सगळ्यात जास्त होणारी चूक. शब्दाचे सोयीचे दोन तुकडे पाडायचे आणि प्रत्येक तुकड्याला संस्कृत अर्थ चिकटवायचा. गावांच्या नावांत हे सर्रास चालतं. अमळनेर म्हटलं की 'अमल' आणि 'नीर', म्हणजे निर्मळ पाणी, असं कुणालाही सुचेल. अशा वेळी एकट्या नावाकडे बघायचं नाही, त्याची भावंडं ओळीनं मांडायची. जामनेर, पिंपळनेर, खाली संगमनेर, पारनेर, वर राजस्थानात सांगानेर आणि बिकानेर. बिकानेर तर वाळवंटात! तिथे पाण्याचा अर्थ कसा लागणार? 'नगर' शब्दातला 'ग' प्राकृतात गळून 'नयर' झाला आणि त्याचा 'नेर', ही वाट या सगळ्या गावांना लागू पडते. जुन्नरही मुळात जीर्णनगरच.

इंग्रजी 'न्यूज' म्हणजे नॉर्थ, ईस्ट, वेस्ट, साउथ, हा व्हॉट्सॲपवरचा निरोपही याच जातीचा. 'न्यू' म्हणजे नवं, त्याचंच ते अनेकवचन. आद्याक्षरांवरून शब्द बनवायची रीत अगदी अलीकडची, त्यामुळे जुन्या शब्दाला कुणी आद्याक्षरांची गोष्ट जोडली की तिथेच थांबा.

ध्वनी जुळला म्हणून सोयरीक जोडू नका

कापूस आणि कॉटन. दोन्हींची सुरुवात 'क'नं, वस्तू एकच. तरी नातं काडीचं नाही. कापूस हा संस्कृत 'कर्पास'चा वंशज, तर कॉटन आला अरबी 'कुत्न'वरून.

आता याच्या उलट बघा. वांगं आणि ब्रिंजल या शब्दांत कानाला काहीच सारखं लागत नाही, पण हे एकाच घराण्यातले. संस्कृतातला 'वातिंगण' हा शब्द इराणात गेला आणि 'बादिंगान' झाला. अरबांनी त्याला आपलं 'अल' जोडून 'अल-बादिंजान' केलं. अरबांबरोबर भाजी आणि शब्द दोन्ही स्पेन-पोर्तुगालात पोचले. फ्रेंचांचं 'ओबर्जीन' त्यातूनच निघालं, आणि पोर्तुगीज 'बेरिंजेला' जहाजातून आपल्या किनाऱ्याला लागून हिंदुस्थानातल्या इंग्रजीत 'ब्रिंजल' झालं. 'वातिंगण'च्या घरातलं 'वांगं' तोवर इथेच होतं. जळगावच्या भरिताच्या वांग्याला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या वांग्याला कुणी ब्रिंजल म्हणालं तर आपलाच शब्द अर्धं जग फिरून घरी आला, असं समजा. शिवाय संस्कृतापाशी पोचलो की मूळ सापडलं असंही नाही. 'वातिंगण' हा शब्द संस्कृतातच दुसऱ्या भाषेतून आला असावा, असं बरेच अभ्यासक मानतात.

शब्द जुना म्हणजे वस्तू जुनी नव्हे

नंदुरबारच्या मिरचीबाजारात लाल ढिगांकडे बघताना हे पीक इथलं नाही, यावर विश्वास बसत नाही. पण मिरची अमेरिका खंडातली, पोर्तुगीजांच्या मागोमाग आपल्याकडे आली. त्याआधी तिखटपणा म्हणजे मिरं, संस्कृत 'मरिच'. नव्या तिखट फळाला जुन्याच नावावरून नाव मिळालं. म्हणून जुन्या पोथीत 'मरिच' दिसलं की तिथे मिरची वाचू नका. भुईमुगाचंही तसंच. नाव अस्सल देशी, पीक दक्षिण अमेरिकेतलं.

बोलीला बिघडलेली मराठी समजू नका

ही चूक मला सगळ्यात जास्त लागते. शाळेत निबंधात 'आहे'च्या जागी अहिराणी 'शे' लिहिलं म्हणून माझी वही लाल शाईनं भरली होती. 'आहे' नीट म्हणता येत नाही म्हणून 'शे' म्हणतात, असं आम्हाला सांगितलं गेलं. खरं तर 'शे' हा 'आहे'चा अपभ्रंश नाहीच. त्याचा जवळचा भाऊ आहे गुजराती 'छे', आणि लांबचा बंगाली 'आछे'. ब्रिटिश काळातले भाषाभ्यासक ग्रिअर्सन यांच्या भारतातल्या भाषांच्या सर्वेक्षणातही खानदेशी, म्हणजे आपली अहिराणी, मराठीच्या खंडात नाही. ती 1907 च्या खंडात भिल्ली भाषांबरोबर आहे.

बोलीला स्वतःचे नियम असतात. प्रमाण मराठीतला 'ळ' अहिराणीत 'य' होतो, तोही शिस्तीत. डोळा डोया, केळी केयी, सकाळ सकाय. हा नियम माहीत नसला की 'काया' ऐकून शरीर आठवतं, आणि आजी तर काळ्या बैलाबद्दल बोलत असते.

आखाजीचंही असंच. अक्षय तृतीयेचं हे 'गावठी' रूप नव्हे. गुजरात-राजस्थानात त्याच सणाला आखातीज म्हणतात. शेवटचा 'जी' आदरार्थी नाही, त्यात तीज, म्हणजे तृतीया, आहे. आणि 'क्ष'चा 'ख' तर फार बोलका. मराठीत बऱ्याच ठिकाणी 'क्ष'चा श किंवा स होतो : माशी, शेत, ऊस. हिंदीत तेच शब्द मक्खी, खेत, ईख. मराठीतही राखणे, पारखणे असे 'ख'वाले शब्द आहेत, त्यामुळे एका अक्षरावरून निकाल देऊ नका. पण झोके बांधून गौराईची गाणी म्हणणाऱ्या लेकींचा हा सण कोणत्या दिशेच्या शेजाऱ्यांशी बोलतो, हे त्या नावातून ऐकू येतं.

खुद्द 'खान्देश' कुठून आला? फारुकी सुलतानांच्या 'खान' किताबावरून, की कान्हदेशावरून? एकच उत्तर छातीठोकपणे देणाऱ्याला एवढंच विचारा, हे रूप कोणत्या जुन्या लेखात मिळतं? अकबरानं 1601 मध्ये असीरगड जिंकल्यावर शहजादा दानियालच्या नावावरून प्रांताचं नाव 'दानदेश' केलं होतं. बादशहाचं फर्मान, तरी ते नाव लोकांच्या तोंडी टिकलं नाही.

अडलात तर आधी मोल्सवर्थचा 1857 चा मराठी-इंग्रजी कोश उघडा, मग टर्नरचा भारतीय आर्यभाषांचा तौलनिक कोश. दोन्ही शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत. कोशात नसलेला शब्द आजीच्या तोंडून ऐकलात तर नुसता शब्द टिपू नका. ती बोलली ते पूर्ण वाक्य, तिच्या माहेरचं गाव आणि तारीखही लिहा. माहेर विसरू नका, कारण सासरच्या गावात राहूनही ती शब्द माहेरचेच वापरत असते.