नवेगावबांधला पाखरं बघायला निघताय? आदल्या दिवसाची तयारी

गोंदिया जिल्ह्यातल्या नवेगावबांध तलावावर जायचं ठरलं की सगळे आधी दुर्बिणी शोधायला लागतात. माझ्या मते पहिलं काम ते नव्हे. आदल्या संध्याकाळीच गावात पोहोचा आणि तलावात डोंगा (लहान होडी) घालून मासेमारी करणाऱ्या ढिवर बांधवांना गाठा. पाणी कुठवर उतरलंय, बदकं सध्या कोणत्या अंगाला बसतात, पहाटे जाळं कुठं लागणार, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक नसतं. जाळ्याच्या बाजूला थवे टिकत नाहीत, तेव्हा आपला काठ त्यांना विचारूनच ठरवावा. जमेल तर पूर्वेचा धरा. ऊन पाठीशी आलं की चक्रवाक बदकाचा केशरी रंग लांबूनही उठून दिसतो. उलट्या बाजूने पाहिलं तर चकाकत्या पाण्यावर नुसत्या काळ्या आकृत्या.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस चांगले. डिसेंबरअखेर सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो, म्हणून उजाडता उजाडता काठावर असावं, पण अंधारात बांधावरून भटकू नये. 2013 पासून हा परिसर नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पाचा भाग आहे. वनखात्याच्या गेटवर प्रवेशाची वेळ आणि कुठवर पायी जाता येतं, हे आधीच विचारून ठेवा.

दुर्बीण 8×42 ची (आठपट मोठं दाखवणारी, 42 मिमी भिंगाची) पुरते. चौघांत दोन असल्या तरी चालेल. एकाने पाहावं, दुसऱ्याने वहीत लिहावं. पक्षिमार्गदर्शक पुस्तक, पेन्सिल, मातकट रंगाचा स्वेटर, कानटोपी, पाणी. पांढरा किंवा भडक शर्ट घरीच राहू द्या. शिदोरीला भाकर, झुणका आणि मिरचीचा ठेचा, कारण भूक लागली म्हणून नऊलाच परत फिरणं फार जिवावर येतं.

तलाव झाला की डोंगराच्या पायथ्याची उंबराची झाडं बघा. तिथं हरियल, आपला राज्यपक्षी, हमखास शोधावा. हिरव्या-पिवळ्या अंगामुळे तो पानांत पार मिसळून जातो. फांदीकडे टक लावण्यापेक्षा खाली कान द्या: अर्धवट खाल्लेली उंबरं टपटप पडत असतील, तर वर थवा आहे. मग पिवळे पाय शोधायचे.

सारस या उंच क्रौंच पक्ष्यासाठी मात्र वेगळी तयारी लागते. राज्यात तो मुख्यत्वे गोंदिया-भंडाऱ्याकडेच उरलाय, तोही शेतकऱ्यांनी धानाच्या बांध्यांतली (शेतांतली) घरटी जपली म्हणून. उभा राहिला की माणसाएवढा, जवळपास सहा फूट उंच. शेतमालकाला विचारल्याशिवाय धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) पाय ठेवू नका. धान निघालं तरी बांधी रिकामी नसते, जमिनीतल्या ओलीवर लाखोळीची डाळ उगवलेली असते. ती तुडवून काढलेल्या फोटोला काही अर्थ नाही. जोडीबरोबर तांबूस-तपकिरी डोक्याचं पिल्लू दिसलं तर आणखी मागे सरका. चरणं सोडून पक्षी मान ताठ करून तुमच्याकडे बघू लागला, की अंतर कमी पडलं असं समजा. मोबाईलवर आवाज वाजवून कुठल्याही पक्ष्याला बोलावू नका, हे मित्रांना गाडीत बसण्याआधीच सांगून टाका.

वहीतली यादी त्याच संध्याकाळी ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर चढवावी, दुसऱ्या दिवशी आकड्यांचा डोक्यात घोळ होतो. फोटो टाकताना सारस दिसला त्या शेताचं नाव किंवा नकाशावरची खूण तेवढी देऊ नका.