जुनं ग्राफिक्स कार्ड: १०६० घ्यावं की ५८०?

कमी बजेटमध्ये सेकंड-हँड कार्ड शोधताना दोन नावं हमखास समोर येतात: एनव्हिडियाचं जीटीएक्स १०६० (२०१६) आणि एएमडीचं आरएक्स ५८० (२०१७). १०८०पी गेमिंगला दोन्ही जवळपास सारखीच. किंमत सारखी असेल तर मी ८ जीबी मेमरीवालं ५८० घेईन. नव्या गेम्समध्ये टेक्स्चर्स 'हाय'वर ठेवली की १०६० ची ६ जीबी लवकर भरते. फक्त आधी पीसीचा एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बघा. १०६० चं १२० वॉटमध्ये भागतं, ५८० ला १८५ लागतात. एसएमपीएस लोकल असेल तर गुपचूप १०६० घ्या.

खरी फसगत नावात होते. १०६० च्या ३ जीबी मॉडेलमध्ये मेमरी निम्मी तर आहेच, शिवाय कोअर्सही (चिपमधले हिशेब करणारे छोटे भाग) १२८० ऐवजी ११५२. ५८० वर '२०४८एसपी' दिसलं, तर ते ताकदीने ५७० च, म्हणजे एक पायरी खालचं कार्ड. अस्सल ५८० मध्ये शेडर्स (म्हणजे कोअर्सच) २३०४ असतात. विकणारा म्हणेल, "सेमच आहे भाऊ." हो म्हणा, पण पैसे देण्याआधी कार्ड त्याच्याच पीसीवर लावून जीपीयू-झेड (कार्डची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा आणि शेडर्सचा आकडा स्वतः वाचा. मग अर्धा तास एखादा जड गेम चालवून पंखे आणि तापमान बघा.