मुलाखतीच्या पाठात गमतीचं उदाहरण कसं वापरावं: एक दोरी आणि धाराविद्युत

शिक्षकाच्या मुलाखतीला निघालेल्या प्रत्येकाला कुणीतरी सांगतंच, "पाठ जरा रंगतदार करा, एखादं गमतीचं उदाहरण टाका." हा सल्ला अर्धवट आहे आणि त्यापायी चांगले पाठ वाया जातात. उदाहरण टाकणं सोपं. त्यातून वेळेत बाहेर पडून मुलांना विषयावर आणून सोडणं अवघड, आणि समोर बसलेले अनुभवी शिक्षक नेमकं तेच बघत असतात. पवित्र पोर्टलच्या, म्हणजे राज्याच्या शिक्षकभरतीच्या संकेतस्थळावरच्या, मुलाखतीसह भरतीत मुलाखत आणि अध्यापन कौशल्य मिळून 30 गुण असतात. पाठाला मात्र बहुधा दहाएक मिनिटंच मिळतात. तेवढ्यात काय करायचं ते इयत्ता नववीच्या विज्ञानातल्या धाराविद्युत या प्रकरणावरून सांगतो. विषय तुमचा वेगळा असला तरी क्रम हाच ठेवा.

पाठटाचण, आवाज, फलकलेखन हे तुम्ही बी.एड.ला घोटलेलं आहे, त्यावर वेळ घालवत नाही.

सगळ्यात आधी एक गैरसमज निवडा. आख्खं प्रकरण नको, एकच गैरसमज. धाराविद्युतमधला सगळ्यात चिवट गैरसमज म्हणजे बल्ब धारा "खाऊन टाकतो" आणि घटाकडे, म्हणजे सेलकडे, परत जाताना ती कमी झालेली असते. ओहमचा नियम पाठ असलेली मुलंही हेच मानतात. तुमचं उदाहरण हा गैरसमज मोडत नसेल तर ते कितीही मजेदार असो, सोडून द्या.

मग उदाहरण निवडा. पाण्याची टाकी आणि नळ सगळेच वापरतात. मला ते या कामासाठी पटत नाही. नळातून पाणी बाहेर पडतं आणि जातं, म्हणजे मुलाच्या डोक्यात "धारा संपते" हेच आणखी पक्कं होतं. सासू-सुनेचे, नवरा-बायकोचे व्होल्टेजवरचे विनोद तर अजिबात नकोत. वर्ग हसतो, पण कुणाच्या तरी घरातल्या दुःखावर हसतो, आणि शिकत काहीच नाही. मी दोरी वापरतो. सहा-सात मीटर सुती दोरी, दोन्ही टोकं गाठ मारून जोडलेली. नायलॉनची घेऊ नका, हात कापते.

सात-आठ मुलं गोल उभी करा. प्रत्येकाने अंगठा आणि बोट यांची सैल कडी करून त्यातून दोरी जाऊ द्यायची. एक मुलगी घट होते: एका हाताने दोरी ओढून घ्यायची, दुसऱ्या हाताने पुढे सोडायची. दोरी फिरायला लागली की समोरच्या एका मुलाला सांगा, "आता तू जरा चिमटीत घट्ट धर, पण थांबवू नकोस." सगळ्यांची दोरी एकदम मंदावते. चार-पाच सेकंदांत तो मुलगा म्हणतो, "सर, बोटं गरम झाली!" वर्ग हसतो. इथपर्यंत तीन मिनिटं, त्याहून एक सेकंदही जास्त नको.

आता खरा अवघड टप्पा. मला स्वतःला सगळ्यात जास्त याच टप्प्याने छळलं आहे, आणि पॅनेलवर बसल्यावर उमेदवार इथेच घसरताना दिसतात. मुलं खुशीत असतात, हातातला खेळ सोडवत नाही, आणि उमेदवार घाईघाईने म्हणतो, "तर मुलांनो, अशीच असते विद्युतधारा." झालं, पाठ तिथेच संपला. "अशीच" म्हणजे कशी? दोरी म्हणजे काय, बोटं म्हणजे काय, गाठ म्हणजे काय? मुलाला घरी गेल्यावर दोरी आठवते, धारा आठवत नाही.

13व्या शतकातल्या महानुभाव पंथाच्या दृष्टान्तपाठ या ग्रंथात प्रत्येक ठिकाणी तीन भाग येतात: सूत्र, दृष्टांत आणि दार्ष्टांतिक. चक्रधरस्वामींनी सांगितलेल्या गोष्टीला ग्रंथकार केसोबासांनी दार्ष्टांतिक जोडलं, म्हणजे गोष्टीतलं काय कशाला लागू पडतं ते उलगडून दाखवलं. गोष्ट रसाळ असूनही त्यांना ते गरजेचं वाटलं. आपल्या पाठात नेमका हाच तिसरा भाग गळतो. दहापैकी चार मिनिटं त्याला द्या. मुलाखतीच्या पाठात हे प्रमाण मी कधीही बदलू देणार नाही.

करायचं असं. दोरी खाली ठेवायला लावा, पण मुलांना जागेवर बसवू नका. फळ्यावर दोन रकाने आखा, डावीकडे "दोरीत", उजवीकडे "परिपथात". डावी बाजू तुम्ही लिहा, उजवी मुलांकडून काढा. ओढणारी मुलगी कोण? घट. तिचा ओढण्याचा जोर? विभवांतर, म्हणजे व्होल्टेज. एका जागेवरून सेकंदाला किती दोरी पुढे सरकते? विद्युतधारा. चिमटीची पकड? रोध. गरम झालेली बोटं? बल्बची तापलेली तार. हे आधी छापून आणलेल्या तक्त्यावर दाखवू नका. मूल चुकीची जोडी लावतं ती ऐकणं हाच तर पाठ आहे. कुणी "दोरी म्हणजे वायर" म्हणालं तर खोडू नका, विचारा: "वायर जागेवरून हलते का? मग तिच्या आतलं काय हलतं?" इलेक्ट्रॉन हे उत्तर वर्गातूनच येतं.

मग तो एक प्रश्न, ज्यासाठी दोरी आणली. चिमटीवाल्या मुलाला विचारा, "तुझ्याकडे किती दोरी आली आणि पुढे किती गेली?" तो म्हणतो, तेवढीच. "मग तुझी बोटं तापली ती कशाने? दोरी तर संपली नाही." इथे गप्प राहा. नवा उमेदवार या शांततेला घाबरतो आणि स्वतःच उत्तर देऊन टाकतो. देऊ नका. जी मुलगी ओढत होती तीच बहुतेक वेळा म्हणते, "माझा जोर गेला, सर." हे वाक्य तिच्याच शब्दांत फळ्यावर लिहा आणि त्याखाली लिहा: धारा तेवढीच राहते, ऊर्जा दिली जाते. गैरसमज इथे मोडतो.

यानंतर उदाहरण कुठे तुटतं ते स्वतःहून सांगा. एकच जागा सांगा: दोरी कापली तरी टोक धरून ओढता येते, तार तोडली की धारा सगळीकडे एकदम थांबते. बाकीच्या त्रुटी पॅनेलच्या प्रश्नांसाठी राखून ठेवा, पण माहीत हव्यातच. समांतर जोडणीला त्याच मुलीच्या हातातून दुसरं वेटोळं न्यावं लागतं. आणि बोटांचं घर्षण ओहमच्या नियमाने वागत नाही, त्यामुळे दोरी दाखवून V = IR हे सूत्र लिहिलंत तर विज्ञानाचा जाणकार तिथेच पकडेल, आणि ते योग्यच आहे. सूत्र व्होल्टमीटर-अँमीटरच्या वाचनांतूनच आलं पाहिजे.

शेवटी पडताळा. लाकडी फळीवर 1.5 व्होल्टचे दोन सेल आणि टॉर्चचे दोन सारखे बल्ब एकसर, म्हणजे एकामागे एक, जोडणीत. बटण दाबण्याआधी विचारा: कोणता जास्त प्रकाश देईल, पहिला की दुसरा? हात वर करायला लावा, मग दाबा. दोन्ही सारखेच लागतात. बल्ब घरी नीट तपासून न्या. दुकानातून एकसारखे म्हणून घेतलेले बल्बही कमी-जास्त उजेड देतात, आणि तसं झालं तर मोडलेला गैरसमज तुमच्याच हातून परत उभा राहील.

समोर मुलं नसतील आणि पॅनेललाच विद्यार्थी व्हायचं असेल तर "बाळांनो" सुरू करू नका. "मॅडम, आपण ही दोरी सैल धराल का?" एवढं पुरे. संस्थेच्या ज्येष्ठ सदस्यांच्या बोटांना चटके देऊ नका, चिमटी तुम्ही स्वतः धरा. माणसं कमी असतील तर दोरी खुर्च्यांच्या पाठींवरून फिरवा.

"बटण दाबताच दिवा कसा लागतो?" हा प्रश्न हमखास येतो. 1 चौरस मिलिमीटर काटछेदाच्या तांब्याच्या तारेतून 1 अँपिअर धारा जाताना इलेक्ट्रॉन सरासरी सेकंदाला 0.07 मिलिमीटर इतकेच पुढे सरकतात. तरी दिवा लगेच लागतो, कारण ओढताक्षणी सगळी दोरी एकदमच हलते. हे उत्तर दोरी पुन्हा हातात घेऊन द्या.

आणि सहाव्या मिनिटालाच "बस, थांबा" म्हणाले तर उरलेली जोड्यांची यादी वाचत बसू नका. "फक्त एक प्रश्न विचारू का?" म्हणून परवानगी घ्या आणि दोन बल्बांचा प्रश्न विचारून बटण दाबा.