टोमॅटोची छाटणी: कोणती फूट काढायची, कोणती ठेवायची

छाटणीआधी वाण कोणता आहे ते पाहा. झुडपी वाणाची वाढ ठरावीक उंचीला थांबते आणि त्याचा बराचसा माल बगलफुटींवरच येतो, म्हणून फुटी काढाल तर फळेही जातील. अशा झाडाच्या पहिल्या फुलघोसाखालच्या फुटी काढल्या की पुरे. पुढचे सगळे, सतत उंच वाढणाऱ्या वाणांसाठी.

पान आणि खोड यांच्या बेचक्यातून निघते ती बगलफूट. फुलांचा घोस मात्र दोन पानांच्या मधल्या खोडावर येतो. हा फरक डोळ्यात बसला नाही तर घाईत घोसच खुडला जातो. फूट ५ सेंटिमीटरची होण्याआत चिमटीत धरून बाजूला वाकवली की कट्‌कन मोडते आणि जखमही लहान राहते. त्यासाठी आठवड्यातून एक फेरी हवीच. पेन्सिलीएवढी जाड झालेली फूट ओढू नका, खोडाची साल सोलून येते. ती कात्रीने कापा किंवा खालची दोन पाने ठेवून नुसता शेंडा खुडा.

एकच खोड ठेवले तर फळे थोडी पण मोठी येतात, रोपांत ४५ सेंटिमीटर अंतर पुरते. दोन खोडे ठेवायची तर पहिल्या घोसाच्या लगेच खालची फूट राखा, तीच सर्वांत जोमदार असते. मग अंतर ६० सेंटिमीटर हवे.

दोन मीटरची काठी लागवडीच्या वेळीच रोपापासून १० सेंटिमीटरवर रोवा. नंतर ठोकली की मुळे तुटतात. बांधायला सुतळी किंवा सुती चिंधी घ्या, बारीक तार खोडात रुतते. काठी आणि खोड यांच्यामध्ये इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पीळ द्या. काठीकडचा फेर घट्ट, खोडाकडचा सैल. गाठ घोसाच्या देठाखाली नको, पानाखाली हवी.

रोपाने जोर धरला की जमिनीपासून ३० सेंटिमीटरपर्यंतची पाने काढा, पण एका वेळी दोन-तीनच. पावसाने किंवा पाण्याने उडालेल्या मातीतून करपा हा बुरशीचा रोग आधी याच पानांवर चढतो. वरची पाने मात्र हौसेने कापू नयेत. उघड्या पडलेल्या फळांवर उन्हाचे पांढुरके चट्टे उठतात. फळांना ऊन लागल्याशिवाय रंग येत नाही, हा गैरसमजच आहे.

छाटणी सकाळी, पण दव वाळल्यावर करा. ओल्या झाडावर जखमेतून रोग शिरतो. पाने चुरडलेली किंवा हिरवी-पिवळी चितकबरी झालेली झाडे सर्वांत शेवटी हाताळा. काही विषाणू हाताने आणि कात्रीनेच पसरतात. कात्री एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाण्याच्या मिश्रणात बुडवत जा, नुसत्या अल्कोहोलने असे विषाणू नीट मरत नाहीत. तंबाखू हाताळली असेल तर आधी हात साबणाने धुवा.

हंगाम संपायला पाच-सहा आठवडे उरले की शेवटच्या घोसाच्या वर दोन पाने राखून शेंडा खुडा. त्यानंतर बगलफुटी दुप्पट जोमाने येतात, त्या काढत राहा. पाणी मात्र नियमित द्या: कोरड पडून एकदम भरपूर पाणी मिळाले की भरलेली फळे तडकतात, आणि जास्त छाटलेल्या झाडावर हे अधिक दिसते.