द्रुतगती मार्गावर वेग कसा सांभाळायचा: कॅमेरा, घाट आणि चलान

कॅमेऱ्याची कमान दिसली की ब्रेक, ती मागे पडली की पुन्हा ॲक्सिलरेटर. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर वर्षानुवर्षं मुरलेली ही सवय आता उपयोगाची नाही. जुलै 2024 पासून तिथे आयटीएमएस ही कॅमेऱ्यांनी वाहतुकीवर नजर ठेवणारी यंत्रणा सुरू आहे आणि ती दोन ठिकाणांमधला सरासरी वेगही काढते. हिशेब सोपा आहे: 10 किलोमीटरला 100 च्या वेगाने 6 मिनिटं लागतात. 5 मिनिटांत पोचलात तर सरासरी 120 झाली, मग कमानीखालून 80 ने गेला असलात तरी. कमानीखालचा तो ब्रेक चलान वाचवत नाहीच, शिवाय मागच्या गाडीला तुमच्या डिकीत आणू शकतो.

आधी मर्यादा नीट समजून घ्या, कारण 120 चा आकडा बऱ्याच जणांच्या डोक्यात चुकीच्या रस्त्याला चिकटलेला असतो. केंद्राच्या 2018 च्या अधिसूचनेत कारसाठी एक्स्प्रेसवेवर 120 आणि दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर 100 आहे. पण ही कमाल. तिच्या आत राज्य मर्यादा कमी करू शकतं. म्हणून समृद्धी महामार्गावर सपाट भागात कारला 120 चालतात, तर मुंबई-पुणे मार्गावर 100. मुंबई-पुण्यावर बस आणि ट्रकला सपाटीवर 80. पिवळ्या पाटीच्या टॅक्सीला स्पीड गव्हर्नर, म्हणजे वेग रोखून धरणारं उपकरण असेल तर ती 80 च्या पुढे जाणारच नाही. तिच्यामागे दिवे मारण्यात अर्थ नाही.

खरी चूक होते घाटात. खोपोली-खंडाळ्याच्या टप्प्यात कारची मर्यादा 60 वर येते, जड वाहनांची त्याहूनही खाली. सपाटीवरून 100 ने आलेल्या चालकाला 70 सुद्धा रांगल्यासारखं वाटतं, म्हणून घाटाच्या पहिल्याच टप्प्यात चलानं लागतात. फलक वाचून दाखवलेला आकडा पाळा, अंदाजाने ठरवू नका. क्रूझ कंट्रोल (वेग आपोआप कायम ठेवणारी सोय) घाटाच्या आधीच बंद करा. मुंबईकडे उतरताना गिअर खाली घ्या. चढायला जो गिअर लागला असता, उतरायलाही तोच, हा जुना ठोकताळा अजून खरा आहे. डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये सोडलेल्या ट्रकचा सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. उतारावर जड वाहनाच्या पुढ्यात शिरू नका, हे त्यासाठीच.

काट्यावर किती विसंबायचं? कंपनीच्या टायरवर स्पीडोमीटर सहसा खऱ्या वेगापेक्षा थोडा जास्त दाखवतो, त्यामुळे काटा 100 वर ठेवला तर तुम्ही मर्यादेत असता. मोठे टायर बसवले असतील तर हे उलटू शकतं. सरळ, मोकळ्या पट्ट्यात फोनच्या जीपीएसशी एकदा ताडून पाहा, आणि तेही शेजारी बसलेल्याने. जुलै 2019 नंतरच्या कारमध्ये 80 च्या वर अधूनमधून आणि 120 च्या वर सतत बीप वाजतो. मधल्या 100 ला तो वेगळं काहीच सांगत नाही, म्हणून मुंबई-पुण्यावर त्याच्या भरवशावर राहू नका.

लेनच्या बाबतीत आपल्याकडची मुरलेली खोड म्हणजे उजवी लेन धरून बसणं. ती ओव्हरटेकसाठी आहे. तुम्ही 100 ने जात असलात तरी ओव्हरटेक झाला की मधे या. चढावर दोन ट्रक शेजारी-शेजारी रेंगाळतात, मग कारवाले डावीकडून घुसतात आणि तिथे बंद पडलेली गाडी उभी असू शकते. ट्रकचा उजवा इंडिकेटर दुपदरी रस्त्यावर कधी ‘जा पुढे’ असं सांगतो, कधी ‘मी वळतोय’. द्रुतगती मार्गावर तो लेन बदलाचाच समजा. कोरड्या रस्त्यावर 100 च्या वेगात कार थांबायला, प्रतिक्रियेचा एक सेकंद धरून, ढोबळमानाने 80 ते 85 मीटर लागतात. 120 ला 115 च्या आसपास. पावसात याहून जास्त.

आता चलान. मोटार वाहन कायद्याच्या कलम 183 नुसार हलक्या वाहनाला 1,000 ते 2,000 रुपये, मध्यम आणि जड वाहनाला 2,000 ते 4,000 दंड आहे. पुन्हा सापडलात तर परवाना जप्त होऊ शकतो. त्याच कलमात चालकाच्या कामाची दोन पोटकलमं आहेत. एक: नुसतं एका साक्षीदाराला ‘गाडी जोरात वाटली’ एवढ्यावर दोषी ठरवता येत नाही, त्याला यंत्राच्या मोजणीचा आधार लागतो. दोन: मालकाने दिलेली वेळ मर्यादा मोडल्याशिवाय गाठताच येणार नसेल, तर ते वेळापत्रकच मालकाविरुद्ध प्रथमदर्शनी पुरावा ठरतं. ट्रॅव्हल्सच्या चालकांनी वेळापत्रकाचा मेसेज जपून ठेवावा.

चलान आलं की वाहतूक पोलिसांच्या महाट्रॅफिक ॲपवर आधी फोटो उघडा. नंबरप्लेट, गाडीचा रंग-मॉडेल, ठिकाण आणि नोंदलेला वेग तपासा. मळलेल्या प्लेटचा 3 यंत्राने 8 वाचला असेल, किंवा तुमच्या नंबरची दुसरीच गाडी फिरत असेल, तर ॲपमधूनच तक्रार करा आणि आपल्या गाडीचा फोटो व आरसी जोडा. दंड आधी भरून मग भांडू नका. गाडी विकली असेल तर आरसीवरचं नाव आणि मोबाइल नंबर बदलला का ते पाहा. नाहीतर नव्या मालकाच्या वेगाचे मेसेज तुमच्याच फोनवर येत राहतील.