वाड्याच्या तावदानातली रंगीत काच बदलताना

मराठवाड्यातल्या जुन्या वाड्यांच्या दारांवर लाल-निळ्या-हिरव्या काचांची तावदानं असतात. एक फुटली म्हणून सगळी काढू नका. जुना रंग पुन्हा मिळत नाही.

आधी तुकड्याची कड उजेडात बघा. निळी काच बहुधा कोबाल्ट या धातूने रंगवलेली, आरपार रंगलेली. लाल मात्र बऱ्याचदा साध्या काचेवरचा पातळ थर असतो. कडेला लाल रेघ वेगळी दिसते. सेलेनियम हे मूलद्रव्य घालून केलेला लाल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आला, तो आरपार असतो. थराची काच साध्या बाजूनेच कापायची. रंगाच्या बाजूने रेघ मारली तर कडेचे टवके उडतात.

चौकटीत काच बसते त्या खाचेचं माप घेऊन काच लांबी-रुंदीत ३ मिमी कमी ठेवा. पावसाळ्यात सागवान फुगतं. गच्च बसवलेली काच तेव्हाच तडकते. काच कापायचा कटर रॉकेलमध्ये बुडवून एकाच दमात रेघ मारा, लगेच मोडा. त्याच रेघेवर दुसऱ्यांदा कटर फिरवू नका.

काच धरून ठेवणारी जुनी लांबी (पुटी) ठोकून काढू नका, शेजारची काच जाते. जवसाचं तेल लावून मुरू द्या, मग पटाशीने खरवडा. लाकडावरच्या जुन्या रंगात शिसं असू शकतं, म्हणून मास्क हवाच.

नव्या लांबीला खडूची भुकटी आणि जवसाचं तेल, वजनाने साधारण ५ ला १. त्याआधी कोरड्या खाचेला तेलाचा हात द्या, नाहीतर लाकूड लांबीतलं तेल शोषून घेतं आणि उन्हाळ्यात भेगा पडतात. लांबीवर रंग दोन-तीन आठवड्यांनी, तिने साय (वरचा सुकलेला पापुद्रा) धरल्यावर.