नागपूरला यायचं ठरवताय? आधी मे महिन्यात येऊन बघा

नोकरीसाठी नागपूरला राहायला यायचं ठरवणारे पुण्या-मुंबईचे बहुतेक जण शहर बघायला डिसेंबर-जानेवारीत येतात. हवा गार असते, रस्ते रुंद, झाडं भरपूर, आणि पुण्या-मुंबईच्या मानाने घरभाडं ऐकून माणूस तिथेच अर्धा तयार होतो. परतीच्या गाडीत बसण्याआधी कंपनीला होकार गेलेला असतो. हा होकार मे महिना बघून द्या. 25 मेच्या सुमारास सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि नवतपा लागतो. त्या दिवसांत पारा 45 च्या पुढे गेला तर इथे कुणाला नवल वाटत नाही. तेव्हा तीन दिवस काढून या. जिथे घर घ्यायचा विचार आहे तिथे दुपारी दोनला चालून बघा आणि रात्री अकराला वरच्या मजल्यावर पंख्याखाली बसून बघा. उन्हाची कल्पना सगळ्यांना असते. माणसाला जेरीस आणते ती रात्र, कारण दिवसभर तापलेला स्लॅब पहाटेपर्यंत उष्णता सोडत राहतो.

म्हणून भाड्याचं घर बघताना सर्वांत वरचा मजला आणि पश्चिमेची बेडरूम टाळा. घरमालकाला पहिला प्रश्न विचारा: कूलर कुठे बसतो? खिडकीबाहेर स्टँड, जवळ थ्री-पिन पॉइंट आणि पाण्याची लाइन या तिन्ही गोष्टी हव्यात. कूलर बाहेरची कोरडी हवा ओल्या ताट्यांतून, म्हणजे बाजूच्या पॅडमधून, आत ओढतो, त्यामुळे समोरच्या बाजूची एक खिडकी उघडी ठेवावीच लागते. दारं-खिडक्या बंद करून कूलर लावला की तासाभरात खोली दमट होते. नवीन आलेले लोक हमखास हेच करतात आणि मग म्हणतात, कूलर काही कामाचा नाही. पाऊस सुरू झाला की मात्र तो खरंच कामाचा राहत नाही, कारण ओल्या हवेत पाणी उडत नाही.

खस किंवा वुडवूलच्या ताट्या दर मोसमात बदला. बोअरचं जड पाणी घातलं तर त्यावर पांढरा क्षार साचतो आणि हवा येईनाशी होते. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासा, नाहीतर त्यात डेंग्यूचे डास होतात. आणि हे घरातल्या प्रत्येकाला, मुलांना आणि कामवाल्या मावशींनाही सांगा: पत्र्याच्या कूलरमध्ये पाणी भरताना आधी प्लग काढायचा. बटण बंद करून भागत नाही, प्लगच काढायचा. ओल्या फरशीवर उभं राहून चालू कूलरला हात लावल्याने दर उन्हाळ्यात विदर्भात माणसं दगावतात. घराला अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि मेन बोर्डात 30 मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, बसवून घ्या. घरमालक खर्च देत नसेल तर स्वतः करा.

पाण्याची चौकशी दलालाकडे करू नका, शेजारच्या घरी करा: मेमध्ये नळ किती वेळ येतो आणि टँकर लागतो का? जुन्या वस्त्यांत, म्हणजे धरमपेठ, प्रतापनगर, लक्ष्मीनगर या बाजूला फारशी चिंता नाही. बेसा, हुडकेश्वर यांच्या पुढच्या नव्या लेआउटमध्ये मात्र इमारत आधी उभी राहते आणि पाण्याची लाइन मागाहून येते. तळमजला घेणार असाल तर पावसाचंही विचारा. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदीचं पाणी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनी या चांगल्या समजल्या जाणाऱ्या वस्त्यांत शिरलं. नव्या रंगाखाली पाण्याची खूण दिसत नाही, पण कंपाउंडच्या भिंतीवर आणि मीटरच्या पेटीवर अनेकदा दिसते.

आता ज्या चुकीने सर्वांत जास्त पैसे बुडतात तिच्याकडे येतो. पुणे-मुंबईहून आलेल्या आपल्या लोकांची एक सवय आहे. इथला चौरस फुटाचा भाव ऐकला की त्यांना सगळंच स्वस्त वाटतं, आणि पहिल्या सहा महिन्यांत वर्धा रोड, उमरेड रोड किंवा हिंगण्याकडे प्लॉटचं टोकन देऊन मोकळे होतात. पहिलं वर्ष काहीही विकत घेऊ नका. दलाल म्हणेल रविवारनंतर भाव वाढणार आहे. वाढू द्या.

नागपुरात प्लॉटच्या जाहिरातीत तीन शब्द दिसतील: एनए, टीपी आणि आरएल. एनए म्हणजे जमीन अकृषिक झाली, टीपी म्हणजे लेआउटचा नकाशा नगररचनेकडून मंजूर झाला. शहराभोवती अनेक लेआउट शेतजमिनीवर विनापरवानगी पाडले गेले, गृहनिर्माण संस्थांनी प्लॉट विकले, आणि नंतर 2001 च्या गुंठेवारी कायद्याखाली ते नियमित करायला घेतले. असा प्लॉट नियमित झाल्याचं पत्र म्हणजे आरएल. ते शहरात नागपूर सुधार प्रन्यास देत आली आणि हद्दीबाहेर एनएमआरडीए, म्हणजे नागपूर महानगर प्रदेश विकास प्राधिकरण. आरएल नसेल तर बांधकामाचा नकाशा मंजूर होत नाही आणि बँक कर्ज देत नाही. ‘अर्ज केला आहे, डिमांड (पैसे भरण्याची नोटीस) आली की भरू’ हे वाक्य ऐकलं की उठून या.

पत्र हातात आलं तरी काम संपत नाही. त्यावरचा प्लॉट नंबर आणि खसरा नंबर (जमिनीचा सर्व्हे नंबर) विक्रीपत्राशी जुळतो का बघा. क्षेत्रफळ बघा, कारण रस्ता रुंद धरल्यामुळे कागदावरच्या 1500 चौरस फुटांतले शंभर-दोनशे आरएलमध्ये कमी झालेले असतात आणि पैसे मात्र 1500 चेच मागितले जातात. विकास आराखड्यात त्या जागेवर रस्ता, शाळा किंवा मैदानाचं आरक्षण आहे का ते कार्यालयात स्वतः जाऊन पाहा. सातबारा किंवा आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) ताजी काढा, तिच्यावर बोजा, म्हणजे कर्जाची नोंद, असेल तर तो उतरल्याशिवाय पुढे जाऊ नका. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च, म्हणजे मालकीच्या नोंदींची तपासणी, घ्या, आणि तो वकील दलालाने सुचवलेला नसावा. आममुखत्यारपत्रावर विकणारा असेल तर मूळ मालकाला प्रत्यक्ष भेटा. आणि नोटरी केलेल्या इसारपत्राने मालकी मिळत नाही. ती फक्त दुय्यम निबंधकाकडे नोंदलेल्या विक्रीपत्राने मिळते. लेआउट नवा असेल तर महारेराचा नंबर संकेतस्थळावर टाकून बघा. हे सगळं होईपर्यंत टोकन म्हणून अकरा हजारसुद्धा देऊ नका, कारण ते परत मिळवताना नाकी नऊ येतात.

नोकरीचं गणित एका वाक्यात सांगायचं तर, ही नोकरी गेली तर दुसरी इथेच मिळेल का याचं उत्तर आधी शोधा. मिहान (विमानतळाजवळचं औद्योगिक क्षेत्र), परसोडीचं आयटी पार्क, बुटीबोरी आणि हिंगणा एमआयडीसी धरूनही पर्याय पुण्याइतके नाहीत. नवरा-बायको दोघंही नोकरी करत असतील तर दोघांसाठी शोधा.

गावाकडची ये-जा हलक्यात घेऊ नका. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे, आणि अजनी-पुणे वंदे भारतलासुद्धा बारा तासांच्या आसपास लागतात. आई-वडील तिकडे एकटे असतील तर हा मुद्दा भाड्यापेक्षा मोठा आहे. दिवाळीचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. त्याच सकाळी काढा.

घराची जागा निवडताना मेट्रोचा नकाशा समोर ठेवा. खापरी ते ऑटोमोटिव्ह चौक आणि लोकमान्यनगर ते प्रजापतीनगर अशा दोन मार्गिका सीताबर्डीला मिळतात. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांच्या आत घर असेल तर उन्हाळ्यातही ती वापराल, एरवी दुचाकीच काढाल. मिहानला नोकरी असेल तर वर्धा रोड सोयीचा, पण रेल्वेखालच्या ज्या भुयारी रस्त्याने रोज जाणार तो जुलैत तुंबतो का हे विचारा. नरेंद्रनगरचा तुंबतो.

आपल्या लोकांबद्दल एक मनापासून सांगतो. वर्षानुवर्षं इथे राहून ‘आमच्याकडे असं नसतं’ म्हणत एकमेकांतच उठबस करणारी कुटुंबं खूप आहेत, आणि त्यांची मुलंही तेच शिकतात. नागपूरकर आपण होऊन दार उघडतो, जेवल्याशिवाय सोडत नाही. फक्त त्याची बोली सरळ आहे. ‘काय करून राहिले?’ ही विचारपूस आहे, चौकशी नव्हे. ऑटोवाला हिंदीत बोलला तर वाईट वाटून घेऊ नका, हा भाग आधी मध्य प्रांतात आणि मग 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होता. भाजीबाजारात ‘सांबार पाहिजे का?’ असं विचारतील तेव्हा समोर कोथिंबिरीची जुडी धरलेली असेल. सांबारवडी तिचीच होते, आणि हिवाळ्यात जुडी स्वस्त झाली की घरोघरी तळली जाते. शेजारून डबा आला तर रिकामा परत करू नका.

कागदपत्रांचं थोडक्यात: भाडेकरार नोंदणीकृतच करा, महाराष्ट्रात तो कायद्याने बंधनकारक आहे आणि घरबसल्या ऑनलाइन होतो. पोलिसांकडची भाडेकरू नोंद घरमालकाकडून करून घ्या. एमएच 12 ची, म्हणजे पुण्याच्या नंबरची, गाडी राज्यातल्या राज्यात आणली तर नंबर बदलावा लागत नाही, आरसीवरचा पत्ता बदलला की झालं. सामान फेब्रुवारीत आणा. कूलरची जागा, वायरिंग, ताट्या हे सगळं तेव्हा सवडीने होतं. एप्रिलमध्ये इलेक्ट्रिशियन मिळता मिळत नाही.